पाच अक्षरांची पाटी

२६ ऑक्टोबर २०१८

जूनमध्ये निवृत्त झालो तेव्हा शाळेने शाल, नारळ आणि ही डायरी दिली. अर्धं वर्ष सरल्यावर चालू वर्षाची डायरी देणारे लोक धन्य! तेव्हाच रागाने कपाटात टाकली होती. आज दिवाळीची झाडझूड करताना आमच्या सौभाग्यवतीने, पार्वताबाईने, ती काढली आणि माझ्यापुढे आपटली. "लिवत बसा काईतरी. निस्ते माह्या स्वयंपाकाच्या चुका काढून राहिले."

वही मात्र चांगली आहे. काळं वेष्टन आणि त्यावर सोनेरी अक्षरांत इंग्रजीतला एकच शब्द. पाच अक्षरं, सारख्या अंतरावर, कुठे वाकडं नाही की तिकडं नाही. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आधी सालेकशाला, मग भंडारा जिल्हा फुटून ते गोंदियात गेलं तेव्हा बदली मागून इकडे. नीट छापलेला शब्द दिसला की मला अजून बरं वाटतं. वेष्टनाकडे बराच वेळ पाहत बसलो होतो.

तेवढ्यात सोमाजी पेंटरचा फोन आला. परवा गावातल्या दूध संकलन केंद्राचं उद्घाटन आहे. भय्याजी अध्यक्ष, मी सल्लागार. भय्याजींनी हौसेने दारावर लावायला भंडाऱ्याहून स्टीलची इंग्रजी अक्षरं करून आणली आहेत. सोमाजी म्हणाला, "सर, अक्षरं आले. कोनतं कोनाच्या बाजूने लावू?" मी वर्गात सांगायचो तसं एकेक अक्षर दमात सांगितलं, दोनदा सांगितलं. फोनची रेंज भिकार. माझाच आवाज मला परत ऐकू येत होता आणि मागे कुठेतरी भजी तळल्याचा चुर्रर्र आवाज. सोमाजीने "हाव सर, हाव सर" केलं आणि फोन ठेवला.

सल्लागाराचं पहिलं काम पार पडलं. बरं वाटतंय.

२८ ऑक्टोबर

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

पाटीवर पडदा होता. तालुक्याहून आलेल्या पशुवैद्यकीय अधिकारी बाईंनी दोरी ओढली, पडदा पडला, टाळ्या वाजल्या. बाई वर पाहून हसल्या. "अरे वा, इथं दूध घेता की डायरी लिहिता?"

आधी कोणाला कळलं नाही. मग मागे बसलेली कॉलेजची पोरं हसली आणि हसू पुढे पुढे येत मांडवभर झालं. मी वर पाहिलं. दुसरं अक्षर तिसऱ्याच्या जागी, तिसरं दुसऱ्याच्या. 'डेअरी'ची झाली होती 'डायरी'.

भय्याजी माझ्याकडे वळले. "सर, हे काय होय?"

माझ्यापुढे माइक होता. मी म्हणालो, "पेंटरने घोळ केला. सांगितलं एक, लावलं एक."

ते सगळ्या चौकात ऐकू गेलं. सोमाजी शिडीजवळ उभा होता. नवा सदरा घातला होता त्याने. माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हाव. चुकला असन माहा." समोरच्या भज्यांच्या ठेल्यावर रुखमिणी झारा हातात धरून उभी होती, तिनेही माझ्याकडे पाहिलं. भजी जळली तिची.

दुपारपर्यंत फोटो सगळ्यांच्या फोनवर. खाली कोणीतरी लिहिलं आहे, 'पेंटरची कमाल'. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

३० ऑक्टोबर

मी चूक सांगितली असेल, हे शक्यच नाही. ज्या माणसाने पस्तीस वर्षं पोरांची स्पेलिंगं लाल पेनाने गोल केली, तो पाच अक्षरांत चुकेल? सोमाजीने याआधीही एका कमानीवर 'वेलकम' दोन ठिकाणी तोडून लिहिलं होतं, मी स्वतः पाहिलं आहे.

भय्याजींना म्हणालो, दोन अक्षरांची अदलाबदल, दहा मिनिटांचं काम, करून टाका. ते म्हणाले, "राहू द्या सर. होईन सवडीनं." माणूस आळशी. अध्यक्ष कशाला झाला कोण जाणे.

१ नोव्हेंबर

मुलगी, खुशबू, बँकेच्या परीक्षेची तयारी करते आहे. त्यात एक प्रश्न हमखास असतो: अमुक अक्षरं दिली आहेत, त्यांचे अर्थ असलेले इंग्रजी शब्द किती होतील. मराठी शाळेतून आलेली पोरं इथेच मार खातात. हिशेब येतो, शब्द येत नाही. खुशबूला मात्र घरीच मास्तर आहे. रोज सकाळी चहाबरोबर दोन-चार प्रश्न ती मला टाकते, मी चटकन सांगतो, आणि खरं सांगायचं तर दिवसातला तेवढाच वेळ मी अजून सर असतो.

आज ती म्हणाली, "बाबा, ए, डी, आय, आर, वाय. पाचही वापराचे. किती शब्द?"

"एक. डेअरी."

"दोन."

"दुसरा कोणता?"

"तुमच्या हातात हाय."

मी हातात पाहिलं. हीच वही. सोनेरी अक्षरं माझ्याकडे तोंड करून.

चहा तसाच राहिला. फोन आला तेव्हा ही माझ्या मांडीवर होती. मी वेष्टनाकडे पाहत होतो. सोमाजीला सांगताना मी अक्षरं आठवत नव्हतो, वाचत होतो. डी, आय, ए, आर, वाय. दोनदा. दमात. त्याने मी सांगितलं तसंच लावलं.

खुशबू आत निघून गेली. तिच्या पुस्तकात नेमका हाच प्रश्न यावा, हाही काय योगायोग म्हणायचा!

मला लाज वाटते आहे. चुकलो याची तर आहेच, त्याहून जास्त त्या माइकची. कोणी विचारल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द 'पेंटर' निघाला. थांबून आठवून पाहायलाही मी गेलो नाही.

सोमाजीला सांगायला हवं. दिवाळी होऊ दे. सणाच्या तोंडावर कशाला.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली. सांगितलं नाही. सोमाजीच्या घरावरून जायचं टाळतो आणि तळ्याच्या पाळीवरून लांबून फिरून बाजारात जातो. पार्वताबाई म्हणते, "पाय बरे दुखत नाई तुमचे आजकाल?"

मनात म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक आठवडाभर हसतील आणि विसरतील. धान कापणीला आलं आहे, कोणाला वेळ आहे? पण पाटी अजून तशीच आहे, आणि दूध घालायला जाणारा प्रत्येक जण तिच्याखालून जातो.

१३ नोव्हेंबर

आज सोमाजीच घरी आला. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. मला वाटलं, आता भांडतो.

तो उंबऱ्यापाशी बसला. "सर, मले शिकवा."

"काय शिकवू?"

"इंग्रजी शब्द. असा घोळ मंग पुन्हा होनार नाई. मी तं अक्षराचं चित्र काढतो सर, शब्द काई समजत नाई मले. तुमी सांगता तसा लावतो."

'तुमी सांगता तसा लावतो.' तो सहज बोलला. चोराच्या मनात चांदणं, मलाच ते लागलं.

डब्यात जुन्या पाट्यांची उतरवलेली अक्षरं होती. प्लॅस्टिकची, पत्र्याची, एक-दोन लाकडी. काही तुटकी. 'ई' एकही नव्हता. तो म्हणाला, "इंग्रजीत ई लय लागते, सर. लावून लावून सरते." पार्वताबाईने त्याला चहा दिला, तोही माझ्या कपात. मला नंतर स्टीलच्या पेल्यात मिळाला.

सांगायला चांगली वेळ होती. मी डब्यातली अक्षरं ओळीने मांडायला घेतली.

१७ नोव्हेंबर

सोमाजी रोज येतो आहे, सकाळी दहाच्या सुमारास. खुशबू प्रश्न देते: पाच अक्षरं, त्यात ए आणि आर पाहिजेच. आम्ही दोघे पडवीत अक्षरं पसरून बसतो. त्याची पद्धत माझ्याहून वेगळी आहे. मी शब्द आठवतो आणि मग अक्षरं शोधतो. तो अक्षरं हलवत राहतो आणि कुठे काही ओळखीचं दिसतं का पाहतो, बाजारात हरवलेला माणूस शोधावा तसं. दहातले नऊ शब्द निरर्थक होतात आणि तो मला विचारतो, "हा हाय का सर? हा?" मी नाही नाही म्हणत जातो.

आज मात्र त्याने झटक्यात लावला. ड्रामा. मंडईच्या, म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या जत्रेच्या, नाटकांच्या पाट्या त्याने जन्मभर रंगवल्या आहेत, मराठीत 'नाटक' आणि वर हौसेने इंग्रजीत हा शब्द. पाचही अक्षरं त्याच्या हातात बसलेली. "हा तं मले येतेच होता, सर!" म्हणून स्वतःशीच हसला. मीही हसलो. माझ्या शाळेतल्या कुठल्या पोराचा शब्द बरोबर आल्यावर मी शेवटचा इतका कधी हसलो होतो, आठवत नाही.

मधेच त्याचा फोन वाजला. हात रंगाचे, म्हणून त्याने करंगळीने फोन दाबला आणि जमिनीवरच ठेवून मोठ्याने बोलू लागला. याला फोन कानाला लावायची सवयच नाही, सगळ्या आळीला ऐकवतो. त्याची बायको आनंदाबाई होती. म्हणाली, "सर बोलले का काई?"

सोमाजीने घाईने फोन उचलला. "नाई. शिकून राहिलो," म्हणाला आणि बंद केला.

त्याच्या प्रगतीची बायकोला काळजी आहे. चांगली गोष्ट आहे.

२१ नोव्हेंबर

आज सोमाजीने चार अक्षरं मांडली. एस, एच, ए, एम. "शाम. माह्या साळ्याचं नाव. पन खुशबूले पाच पाहिजेत. एक कमी पडते. मांगं काई लागते का सर?"

ई लागतो. शेम, म्हणजे लाज. डब्यात ई नव्हता, नाहीतर त्याने लावून पाहिलाच असता. त्यातली चार अक्षरं माझ्या पडवीत, माझ्यापुढे.

"नाही लागत," मी म्हणालो. "होत नाही शब्द."

आतून खुशबू म्हणाली, "होते, बाबा."

मी ओरडलो तिच्यावर. अभ्यास कर म्हणालो, मधे बोलू नको म्हणालो. ती बाहेर आली नाही. सोमाजीने माझ्याकडे पाहिलं नाही, चारही अक्षरं गोळा करून डब्यात टाकली.

पस्तीस वर्षांत बऱ्याच गोष्टी मला आल्या नाहीत आणि त्या मी टाळल्या, हे कबूल. पण येत असलेला शब्द 'नाही' म्हणून सांगितला, असं आज पहिल्यांदा घडलं. आणि तोही हा.

२६ नोव्हेंबर

करडी गावच्या बाजारात सोमाजी भेटला. रंगाचे डबे घेत होता. तिथेच पलीकडच्या एका गावच्या नाटक मंडळाचे दोघे उभे होते. सोमाजी नमस्कार करून म्हणाला, "यंदा बोर्ड कवा करू? मंडई तं आली." ते एकमेकांकडे पाहायला लागले. एक म्हणाला, "यंदा फ्लेक्स करून राहिलो भाऊ." दुसरा हसून बोलला, "तू आमच्या ड्रामाचा काय करशीन, काई भरोसा हाय का? डायरीवाला पेंटर तूच ना?"

सोमाजीही हसला. "हाव, मीच," म्हणाला.

मी दोन हात अंतरावर उभा होतो. माझ्या हातात मिरच्यांची पिशवी होती. 'चूक त्याची नाही' एवढं बोलायला पाच शब्दही लागत नाहीत. मी पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. ते दोघे गेले.

परत येताना सोमाजीने मला मोटारसायकलवर मागे बसवून आणलं. घराशी उतरताना तो म्हणाला, "तीन मंडळं गेले सर, यंदा. जाऊ द्या." मग थोडं थांबला, काहीतरी ऐकायचं असल्यासारखा. मी 'ये उद्या' म्हणालो.

मी नीच माणूस आहे. हे इथे लिहिणं सोपं आहे, कारण इथे कोणी वाचत नाही.

२ डिसेंबर

पार्वताबाई दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. आज विचारलं, काय झालं?

म्हणाली, "तुमचा आवाज मोठा हाय. शाळेचा हाय. तुमी इथं बसून शिकवता, तं मांगच्या आळीतल्या लोकाईले पाठ होते. तुमाले वाटते, एकट्यालेच सांगून राहिले."

"म्हणजे?"

"म्हंजे काई नाई. भाजीत मीठ बराबर हाय का सांगा."

बायका मूळ मुद्द्यावर येतच नाहीत.

पुढच्या रविवारी सभासदांची सभा आहे. भय्याजींनी विषयांत 'पाटी दुरुस्ती' घातलं आहे. दहा मिनिटांच्या कामाला सभा लागते यांना! पण तिथे बोलायचं ठरवलं आहे. आधी सोमाजीला सांगायचं, मग सभेत. त्या क्रमाने, नाहीतर पुन्हा तेच होईल. सगळ्यांपुढे मी बोलेन आणि तो खाली उभा राहून ऐकेल.

५ डिसेंबर

आज सांगणार होतो. तो आला, बसला, अक्षरं मांडली. मी तोंड उघडलं आणि त्याला 'ट्रेन' शिकवला. उद्घाटनाला त्या अधिकारी बाईंनी हसतच विचारलं होतं, कोणी पोलिसात नेत नव्हतं. तिथे एक वाक्य बोललो असतो तर आज हा माणूस एखाद्या मंडईच्या मांडवात पाटी रंगवत बसला असता.

७ डिसेंबर

सांगितलं.

आज डब्यातून त्याने पाच अक्षरं वेगळी काढली आणि गुडघ्याजवळ ठेवली. डी, ए, आय, आर, वाय. वाय तुटका होता. मांडली नाहीत, नुसती ठेवली. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग बोलत सुटलो. ही वही आणून दाखवली. वेष्टन दाखवलं. म्हणालो, हे समोर होतं, हे वाचून तुला सांगितलं. तू बरोबर लावलंस. चूक माझी. माइकवर मी खोटं बोललो, आणि एक नोव्हेंबरपासून मला माहीत होतं, तरी गप्प बसलो. करडीच्या बाजारातही गप्प बसलो. बोलताना माझी मान वर होत नव्हती. शेवटी हात जोडले.

सोमाजी बराच वेळ वेष्टनावरून अंगठा फिरवत बसला. "चांगलं छापलं हाय," म्हणाला. मग म्हणाला, "मले मालूम होता, सर."

"काय?"

"तुमी काय सांगितलं ते. माहे हात तवा रंगानं भरले होते. फोन मी रुखमिणीच्या ठेल्यावर ठेवलो होतो, स्पीकरवर. तुमी दोन खेपा सांगितलं. तिथं बसल्या लोकाईनं समद्याईनं ऐकलं. रुखमिणी तं म्हने, सरचा आवाज अजूनबी वर्गातलाच हाय."

तो माझाच परत येणारा आवाज. ती चुर्रर्र तळलेली भजी. मी माइकवर 'पेंटर' म्हणालो तेव्हा समोर बसलेल्या निम्म्या लोकांना खरं माहीत होतं. त्या दिवसापासून मी तळ्याच्या पाळीवरून लांबून जात होतो आणि सगळं गाव मला जाताना पाहत होतं. भय्याजींची सवड. खुशबूचा प्रश्न. मीठ. सगळंच आता कळलं, आणि एकदम कळलं.

"मग तिथेच का नाही बोललास?"

"भरल्या मांडवात सरले खोटा पाडू का? माह्यानं नाई झालं. पन राग आला होता सर, खोटं काहून बोलू. दोन दिवस जेवलो नाई. आनंदाबाई म्हने, जा, विचार त्याईले. मी म्हटलो, विचारल्यावर बोलले तं ते काय बोलनं झालं?"

"आणि रोज येत होतास ते? शिकायला?"

"शिकाले कायले?" तो हसला, पण डोळे हसत नव्हते. "तुमी सांगान म्हून येत होतो. आज सांगतीन, उद्या सांगतीन. मंग मधेच गोडी लागली, ते वेगळी गोष्ट."

पार्वताबाई दारात उभी होती. तिने दोन कप चहा आणला. आज मलाही कपात मिळाला.

९ डिसेंबर

सभा झाली. 'पाटी दुरुस्ती' हा विषय आल्यावर मी उभा राहिलो. माइक मागून घेतला, कारण खोटं माइकवर बोललो होतो. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, गलका होईल, कोणी हसेल, कोणी शिव्या घालेल. कोणी काहीच केलं नाही. कोणाला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. मागे एकाने जांभई दिली. भय्याजी म्हणाले, "बरं झालं सर, बोलले. घ्या, पुढचा विषय." बायकांच्या बाजूला आनंदाबाई बसली होती, तिने पदराने तोंड पुसलं आणि दुसरीकडे पाहिलं. मला शिव्या चालल्या असत्या.

खाली बसल्यावर खुशबूकडून फोनवर लिहून घेतलं: डेअरीच्या पाटीची चूक पेंटरची नव्हती. अक्षरं मी सांगितली, चुकीची सांगितली, आणि आळ त्याच्यावर घातला. खाली माझं नाव. तोच फोटो पुन्हा लावला आणि जिथे जिथे तो गेला होता तिथे पाठवायला सांगितलं. त्या नाटक मंडळाच्या माणसाला फोनही केला. तो म्हणाला, "यंदा तं फ्लेक्स लागून गेला सर. पुढच्या साली पाहू." हेच व्हायचं होतं. यंदाचं गेलं ते गेलं, माझ्या एका वाक्याने ते परत येणार नाही.

सभेनंतर सगळे चौकात आले. सोमाजीने शिडी लावली, वर चढला आणि मधली दोन अक्षरं उतरवली. डावीकडे डी, उजवीकडे आर आणि वाय, मधे चार भोकं. दोन्ही हातांत दोन अक्षरं धरून तो खाली पाहत म्हणाला, "सर, सांगा."

"तुला येतं आता," मी म्हणालो.

"येते. पन तुमी सांगा. मोठ्यानं."

रुखमिणीने कढईखालची आच बारीक केली. दूध घालायला आलेले लोक कॅन खाली ठेवून उभे राहिले. वर्गात कधी एवढी शांतता मला मिळाली नव्हती.

"डी," मी म्हणालो. "मग ए."

"आन आय?" सोमाजीने वरून विचारलं. "आय कुठं लावू सर?"

आय. सहावीच्या पहिल्या तासाला मी याचा अर्थ सांगायचो: मी. नेहमी मोठाच लिहायचा, वाक्यात कुठेही असला तरी.

"मागे घे," मी म्हणालो. "एक घर मागे. ए च्या मागे."

त्याने लावला. स्क्रू पिळले, हाताने दाबून पाहिले, सदऱ्याच्या बाहीने दोन्ही अक्षरं पुसली. मग शिडीवरूनच विचारलं, "बराबर हाय ना सर?"

मी चष्मा पुसला आणि पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत नीट वाचली. मग हो म्हणालो.